कर्नलआप्पांच्या मगात माती कुणी भरली

कर्नल महालिंग शिवाप्पा तोडकरी, निवृत्त, वय एकाहत्तर, राहणार चिंचमाळ, तालुका वाशी. गेल्या श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी दहा वाजता, आमच्या पाणंदीच्या तोंडाशी घातलेल्या मांडवात, पन्नासेक माणसांच्या देखत, यांनी चहासाठी पुढं केलेला मग त्यांच्याच चुलतभावानं हातातून घेतला, खाली वाकून त्यात माती भरली आणि परत त्यांच्या हातात दिला. माणसं हसली. चहाची किटली माझ्या हातात होती.

अन्याय कुणावर, कधी, कुठं, ते पहिल्या परिच्छेदात लिहावं असं मला कार्यकर्त्यांच्या शिबिरात शिकवलं. तेव्हापासून मी पत्रकं लिहीत आलेय. एसटीच्या बंद केलेल्या फेरीवर लिहिलं, अंगणवाडीच्या गळक्या पत्र्यावर लिहिलं, पवनचक्कीच्या कंपनीवर तर एवढं लिहिलं की वाशीतला झेरॉक्सवाला मला बघितल्याबरोबर कागदाचा गठ्ठा काढतो. लिहिताना माझा हात कधी अडला नाही. या एका पत्रकाला मात्र श्रावण जाऊन कार्तिक उतरायला आला.

आधी माणूस सांगते.

बुटके, ताठ, डोक्यावरचे केस अजून फौजेच्या मापाचे. पांढरा पायजमा, बाह्या दुमडलेला शर्ट, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. खांद्याला खाकी पिशवी आणि पिशवीत एक मग. जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, एका बाजूला चेपलेला, कानाला तांब्याची तार गुंडाळलेला. हा मग त्यांच्याबरोबर अर्धं जग फिरून आला होता. गावात कुणाच्याही घरी गेले की ते कपबशी बाजूला सारायचे आणि पिशवीतून मग काढायचे. नव्या सुनांना वाटायचं, आप्पा सोवळंओवळं पाळतात. जुन्या बायका सांगायच्या, "तसं काय न्हाय गं. त्यांचं दोन्हीकडचं एकाच भांड्यात असतंय."

खरंच असायचं. लग्नात ते वरपक्षाच्या पंगतीत निम्मं जेवत आणि वधूपक्षाच्या पंगतीत निम्मं. दोन शेजाऱ्यांची बोलाचाल बंद असली की आप्पा एकाच्या ओट्यावर वीस मिनिटं बसले, तर दुसऱ्याच्याही वीस मिनिटं बसणार, घड्याळ बघून. गावात त्यावर चेष्टा चालायची. "आप्पाला जेवायला बोलवायचं तर शेजाऱ्याच्या घरी पण भाजी टाकावी लागतीय."

मी नववीत असताना झेंडावंदनाला त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं. नुकतेच ते कायमचे गावी परतले होते. फौजेतला एवढा मोठा अधिकारी, पोरांना काहीतरी जबरदस्त ऐकायला मिळणार म्हणून सरपंचांनी स्वतः माईक धरला.

"आप्पा, किती दुश्मन मारले ते सांगा पोरांना."

"मोजले न्हाईत. जे झालं ते सांगण्यासारखं न्हाय."

"बरं, मग ते परदेशातलं सांगा. निळी टोपी घालून आफ्रिकेत व्हता न्हवं? तिथं लई गोळीबार चालायचा म्हणं."

"चालायचा. आमच्या दोन्ही अंगांनी चालायचा."

"मग तुमी काय केलं?"

"मधी हुबा ऱ्हायलो."

सरपंचांनी माईक तसाच पुढं धरून ठेवला. पुढं काही येतंय का बघितलं. आलं नाही. मग त्यांनीच टाळ्या वाजवायला सांगितलं. आम्ही वाजवल्या, पण मनातून खट्टू झालो. नुसतं उभं राहायला सरकार माणसाला परदेशी कशाला पाठवतंय, हे आमच्या डोक्यात शिरेना. मला तर ते कळायला अजून दहा वर्षं आणि एका माणसाचा डोळा लागला.

त्यांची नोकरी मला तुकड्यातुकड्यांनी कळली, तीही पाणंदीच्या संघर्ष समितीत आल्यावर, मी मुद्दाम खोदून विचारलं म्हणून. वाशीच्या शाळेतून निघालेला पोरगा परीक्षा देऊन अधिकारी झाला. पहिल्यांदा सीमेवर निघाले तेव्हा आई तुळजापूरला पायी गेली होती. "मी विचारलं, काय मागितलंस? तर म्हणाली, तुझ्या हातातलं हत्यार तुला वापरायला लागू नये एवढंच मागितलं. मी हसलो. म्हणलं, देवीच्याच आठ हातांत हत्यारं हायती, ती तुझं कशी ऐकंल? आई म्हणाली, तिला त्याचं वजन ठावं हाय." सीमेवर बरीच वर्षं गेली. मेजर असताना शांतिसेनेत आफ्रिकेला गेले आणि तिथून पुढं माणूसच बदलला.

"सीमेवर बरं असतंय, पत्रकवाल्या बाई," ते मला सांगायचे. मला ते याच नावानं हाक मारायचे, पहिल्या दिवसापासून. "सीमेवर शत्रू समोर असतोय. तिथं आमच्या एका अंगाला गुराख्यांची वस्ती, दुसऱ्या अंगाला शेतकऱ्यांची. मधी एक बोअर. दोघं एकमेकांवर गोळ्या झाडत हुती आणि मी मधी, तर दोघांनाही वाटायचं हा शत्रूचा माणूस."

सहा महिने ते दोन्ही वस्त्यांत जात राहिले. पाणी भरायच्या वेळा ठरत आल्या. अशात गुराख्यांचा म्हातारा म्होरक्या आजारातून उठला आणि आनंदानं त्यानं मेजरसाहेबांना एक बकरा दिला. नाही कसं म्हणायचं? अपमान झाला असता. घेतला. चार जवानांनी कापून खाल्ला. दुसऱ्या दिवशी शेतकऱ्यांच्या वस्तीत त्यांना कुणी आत घेतलं नाही. आठवड्याभरात बोअरवर पुन्हा माणूस पडला.

"सहा महिन्यांचं काम एका बकऱ्यात गेलं," आप्पा म्हणायचे. "माझ्या मनात काय हुतं त्याला किंमत न्हवती. त्यांनी काय बघितलं त्याला हुती. त्या दिवसापासनं ह्यो मग. दोन्हीकडचं घ्यायचं, सारखंच घ्यायचं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घ्यायचं."

पुढं ते हेच शिकवत गेले. देशोदेशीचे अधिकारी त्यांच्यासमोर बाकावर बसायचे. निवृत्तीनंतरही बोलावणी यायची. परदेशी तिकिटं लावलेली पाकिटं घेऊन पोस्टमन त्यांच्या दारात यायचा आणि त्यालाही आप्पा मगातला अर्धा चहा द्यायचे. काय शिकवता विचारलं की अंगठ्यानं बोटांची पेरं मोजायचे. एक पेर, दोन्हीकडून बोलावणं पाहिजे. दुसरं पेर, दोन्हीकडं सारखं वागणं पाहिजे. तिसरं पेर, हात रिकामा पाहिजे. "तिन्हीतलं एक गेलं की घरी बसायचं. मधी हुबं ऱ्हायचा हक्क संपला."

घरी बसायचं. हे त्यांनी मला सांगितलं होतं, माझ्या कानांनी ऐकलं होतं.

गावात त्यांच्या या विद्येचा उपयोग पहिल्यांदा झाला तो मारुती आणि दगडू या सख्ख्या भावांच्या बांधावर. बांध तीन हात सरकला की नाही यावरून दोघांनी एकमेकांच्या अंगावर कुऱ्हाडी काढल्या होत्या. आप्पांनी दोघांना बांधावर बसवलं. आम्ही पोरंसोरं तमाशा बघायला गेलो.

"मारुती, दगडूचं गाऱ्हाणं सांग."

"माझं सांगतो की आप्पा."

"तुझं त्यो सांगंल. तू त्याचं सांग."

"त्याचं काय असणाराय? लबाड हाय त्यो."

"दगडू, हे तुझं गाऱ्हाणं हाय का?"

"न्हाय."

"मग परत. उद्या."

दुसऱ्या दिवशी दगडूची पाळी. त्यालाही जमलं नाही. तिसऱ्या दिवशी मारुती बराच वेळ ढेकूळ फोडत बसला आणि मग खाली बघत म्हणाला, "त्यो म्हणतोय, आई अंथरुणाला खिळली तवा त्यानं एकट्यानं तिचं केलं, दोन्ही वाटण्या कसल्या, आन् मी पुण्याहनं आलो ते थेट मोजणीचा माणूस घिऊन आलो. आईचं काय झालं ते विचारलं बी न्हाय."

दगडूनं मान वर केली. म्हणाला, "व्हय. हेच."

बांध तिथंच राहिला. कुऱ्हाडी घरी गेल्या.

आता पाणंदीचं. माळावर पवनचक्क्या आल्या तसे गावाचे दोन भाग झाले. ज्यांची पोरं कंपनीत कामाला लागली, ज्यांचे ट्रॅक्टर तिथं चालतात, त्यांना रस्ता हवा होता. ज्यांची रानं पाणंदीच्या पलीकडं, त्यांना नको होता, कारण चक्कीची लांबलचक पाती आणणाऱ्या ट्रेलरसाठी कंपनी आमची बैलगाडीची वाट दोन्ही बाजूंनी पोखरत होती, बांध फोडत होती, ओढ्याचं पाणी रानात वळवत होती. हे खोटं नाही. त्यातलं एक अक्षरही मी मागं घेत नाही. आम्ही संघर्ष समिती काढली. अध्यक्ष शरणाप्पा तोडकरी, कर्नलआप्पांचे चुलतभाऊ. पाणंदीच्या या तोंडाला आमचा मांडव, त्या तोंडाला कंपनीचं पत्र्याचं केबिन. मधे दोनशे पावलं. केबिनच्या दारात पहारेकरी म्हणून उभा असायचा तो मारुतीचा थोरला, बालाजी. शाळेत मला तीन वर्षं पुढं होता.

आप्पांना दोन्हीकडून बोलावणं गेलं. त्याशिवाय ते आलेच नसते. रोज सकाळी दहाला ते आमच्या मांडवात येत, मग पुढं करत, मी किटलीतून चहा ओतायची, वीस मिनिटं ऐकून घेत. नंतर मग झटकून, दोनशे पावलं चालून तिकडं. तिकडंही चहा, वीस मिनिटं. मग परत. त्यांच्या चालण्याकडं दोन्ही बाजू टक लावून बघायच्या. ते मधे असताना कुणी दगड उचलत नव्हतं, शिवीसुद्धा हळू द्यायचे. त्यांच्याकडं ना पोलीस होते, ना अधिकार. दोन्हीकडच्या लोकांना ते आपलेही नाहीत आणि परकेही नाहीत असं वाटत होतं, एवढ्याच जोरावर ते चालत होते. तेवढी एकच गोष्ट त्यांची होती. पेन्शनीसारखी कुणी बंद करू शकणार नाही अशी त्यांना वाटली असावी.

तीन आठवड्यांत त्यांनी कागद तयार केला. आमचा मांडव वीस पावलं मागं, चिंचेच्या सावलीत. कंपनीचं काम पंधरा दिवस बंद. त्या पंधरा दिवसांत दोन्ही बाजू उभ्या करून सरकारी मोजणी. येत्या सोमवारी, श्रावणातल्या दुसऱ्या, दोन्हीकडून सह्या करायच्या ठरल्या.

शरणाप्पांना ते पटत नव्हतं. "वीस पावलं मागं गेलो की माणसं घरला जात्यात. आन् ह्यो माझा भाऊ उद्या पेपरात म्हणंल, मी मिटवलं. जन्मभर बाहेर ऱ्हायला, आन् आता गावाचा पुढारी."

शुक्रवारी त्यांनी मला फोनवर एक फोटो पाठवला. केबिनची पायरी, आप्पांच्या हातात मग, शेजारी कंपनीचे साहेब, दोघंही हसताहेत.

शनिवारी वाशीच्या बाजारात पत्रक वाटलं. मी लिहिलेलं. फोटो वर आणि खाली मोठ्या अक्षरांत: "हा चहा कुणाचा, कर्नलसाहेब? परदेशात शांतता शिकवणाऱ्याला चिंचमाळमध्ये कुणी पाठवलं? पंधरा दिवसांची सवलत कुणाच्या सोयीची? माळावरची माणसं खुळी आहेत काय?"

परत वाचा. एकही वाक्य खोटं नाही. सगळे प्रश्न आहेत. फोटोही खरा आहे. आणि तो फोटो काढला त्याच्या अर्धा तास आधी, त्याच मगात, मी माझ्या हातानं चहा ओतला होता. वीस मिनिटं ते आमच्या मांडवात बसले होते. हे मला माहीत होतं. लिहिताना माहीत होतं. पत्रकात एकच शत्रू ठेवावा, वाचक गोंधळत नाही, हेही मला शिबिरात शिकवलं होतं. तासाभरात लिहून झालं. हात अडला नाही.

संध्याकाळपर्यंत तो कागद फोनमधून भूमला गेला, तुळजापूरला गेला, पुण्यामुंबईतल्या आमच्या पोरांकडून फिरून परत गावात आला. येताना प्रश्नचिन्हं वाटेत गळाली होती. "कर्नल कंपनीचा दलाल." मी ते दुरुस्त केलं नाही. मला, खरं सांगते, अभिमान वाटला. माझं एवढं दुसरं काही कधी पोचलं नव्हतं.

सोमवारी आप्पा आले. पत्रक त्यांनी वाचलेलं होतं, हे मला नंतर कळलं. तरी आले, कारण बोलावणं मागं घेतलंय असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. श्रावणी सोमवार, त्यांचा कडक उपास, दिवसभरात पोटात जाणार ते फक्त हे दोन चहा. त्यांनी पिशवीतून मग काढला आणि पुढं धरला. मी हातातली किटली वाकवली नाही. कुणीतरी आधी काहीतरी बोलेल म्हणून थांबले. शरणाप्पा उठले. त्यांच्या हातातून मग घेतला. पुढचं वर लिहिलंय.

"घ्या," शरणाप्पा म्हणाले. "ह्या मातीचा चहा घ्या. तिकडचा लई गोड लागतोय म्हणं. आन् उद्यापासनं पाणंदीत दिसू नका."

आप्पांनी मगात बघितलं. नंतर माझ्याकडं बघितलं, नंतर माझ्या हातातल्या किटलीकडं. रागानं नाही. एखाद्या शिकाऊ अधिकाऱ्याची चूक दिसावी आणि ती आता त्याला सांगायची वेळ निघून गेली असावी, तसं. मनगट वळवून घड्याळ बघितलं आणि ते तिथंच उभे राहिले. बसायला कुणी म्हणालं नाही. वीस मिनिटं उभे होते. लोकांचं हसू पाच मिनिटांत संपलं, त्यानंतरची पंधरा मिनिटं मला अजून जड जातात. वीस मिनिटं झाल्यावर ते मातीनं भरलेला मग तसाच हातात धरून दोनशे पावलं चालत गेले.

आम्हाला वाटलं, गेले आपल्या माणसांत. शरणाप्पा म्हणालेही तसं. तिकडं काय झालं ते मला पुढं बालाजीनं सांगितलं. साहेबांनी नवा कप मागवला. आप्पा म्हणाले, "आज तिकडं मिळाला न्हाय. मग इथं बी चालणार न्हाय." तिथंही वीस मिनिटं उभे राहिले. मग परत, रानातल्या वाटेनं, घरी.

सह्या झाल्या नाहीत. बुधवारी सकाळी कंपनीचा जेसीबी पाणंदीत उतरला. आमची माणसं आडवी गेली. पहिला दगड कुणाचा यावर आता केस चालू आहे, पण तिसरा किंवा चौथा दगड आमच्या मांडवाच्या बाजूनं गेला आणि बालाजीच्या डाव्या डोळ्यावर बसला, हे मी बघितलंय. तो दगड उचलणारा हात मी ओळखते. पोलिसांना नाव सांगितलंय. समितीनं मला काढलंय.

आप्पा घरी होते. पाणंदीपासून हाकेच्या अंतरावर. मधे का आला नाहीत, असं विचारणारे गावात पुष्कळ निघाले, आणि सगळ्यात मोठ्यानं विचारणारे तेच, ज्यांनी त्यांना दिसू नका म्हणून सांगितलं होतं. पहिलं पेर, दोन्हीकडून बोलावणं. बोलावणं मोडलं होतं. ते मोडायला माझ्या पत्रकाचा एक कागद पुरला.

मी सोलापूरला दवाखान्यात गेले. बालाजी डोळ्याला पट्टी बांधून भिंतीकडं तोंड करून पडला होता. त्या फोटोत आप्पा हसत का होते, ते मी त्याला विचारलं. इतके दिवस विचारलं नव्हतं. तो म्हणाला, "बकऱ्याची गोष्ट सांगत होते. साहेबानं काजू आणले होते, त्यावरनं. म्हणाले, तुमचे काजू खाल्ले तर तिकडं मला काजू कोण देणार?"

शेजारी मारुतीकाका बसलेले. मी बोलायला सुरुवात केली, काका, माझ्या मनात तसं काही नव्हतं.

त्यांनी हात वर केला. "तुझं न्हाय. माझं सांग."

खाटेच्या पायाकडं बघत मी म्हणाले, "तुम्ही म्हणता, पाणंदीत एक माणूस मधे उभा होता तोवर तुमचं पोरगं सुखरूप होतं. त्या माणसाला मी तिथून हलवलं. खोटं न बोलता हलवलं."

मारुतीकाकांनी मान हलवली. "व्हय," ते म्हणाले. "हेच."

दसरा झाल्यावर आप्पांनी घराला कुलूप लावलं. पुण्याला लेकीकडं निघालेत असं कळलं तेव्हा मी थर्मास भरून वाशीच्या स्टँडवर गेले. ते बाकावर बसले होते, दोन्ही बाजूंना जागा सोडून. पिशवी मांडीवर.

"या, पत्रकवाल्या बाई."

"आप्पा, ते पत्रक मी लिहिलं होतं."

"ठावं हाय. तुझं वाक्य मला ओळखू येतंय. एक पण खोटं न्हवतं. म्हणून तर खोडता आलं न्हाय."

मी थर्मास उघडला. त्यांनी मग काढला नाही. विचारलं, "तिकडचं कोण आलंय?"

"कुणी न्हाय. मी एकटीच."

"मग कसा घिऊ?"

मला वाटलं चेष्टा करताहेत. ते करत नव्हते. गाडी लागली. ते उठले, पिशवी खांद्याला अडकवली.

"आप्पा, माघारी या. केबिन तिथंच हाय, मांडव तिथंच हाय. दोन्हीकडं दगडांचे ढीग करून ठेवलेत. पाती घिऊन ट्रेलर परत येणार म्हणत्यात."

"बोलावणं येऊ दे. दोन्हीकडनं. एका कागदावर. तू एकटीनं धाडलेलं चालत न्हाय, साहेबानं एकट्यानं धाडलेलं बी चालत न्हाय. एका कागदावर आलं की मी दुसऱ्या दिवशी दहाला पाणंदीत."

गाडी निघाली. खिडकीच्या गजांमागं ते ताठ बसले होते. पिशवीतून त्यांनी मग काढला, रिकामाच, आणि दोन्ही हातांत धरून खिडकीशी ठेवला. घासून लख्ख केला होता. कानाची तांब्याची तारसुद्धा. भूमच्या फाट्याकडं गाडी वळेपर्यंत तो दिसत होता, नंतर उन्हात नुसता एक ठिपका.

हे वाचणाऱ्यांत दोन प्रकारची माणसं आहेत. ज्यांनी तो फोटो पुढं पाठवला, त्यांनी ज्या ज्या माणसाला पाठवला त्या प्रत्येकाला आज हे पाठवायचं आहे, आणि वर आपल्या हातानं लिहायचं आहे की तो चहा त्यांनी आधी आमच्याकडं घेतला होता. ओतला मी. माझं नाव घाला. लाजू नका, मी गप्प बसले तर काय झालं ते वर लिहिलंय.

आणि जे चिंचमाळचे आहेत, केबिनच्या बाजूचे, ज्यांची पोरं तिथं कामाला आहेत, ज्यांच्यासाठी मी गेली दोन वर्षं एकही बरा शब्द लिहिला नाही, त्यांना सांगते. या कागदाच्या मागच्या बाजूला बोलावणं लिहिलंय. "कर्नल महालिंग तोडकरी यांस, पाणंदीत मधे उभे राहण्यासाठी यावे." खाली डावीकडं मांडवाची आणि उजवीकडं केबिनची, अशा दोन ओळी सोडल्यात. मांडवाच्या बाजूनं सही करायला शरणाप्पा तयार नाहीत, तेव्हा पाणंदीपलीकडच्या रानवाल्यांच्या घरोघर फिरून मी सह्या घेतल्यात. दगडूकाकांचा अंगठा पहिला आहे. डावी ओळ भरली.

उजवी रिकामी आहे. ट्रेलर यायच्या आत सही करा.